राजाचे मस्तक आणि तांब्याचा पत्रा

छायाचित्राचा शोध लागण्यापूर्वी आपल्या राजाचा चेहरा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस त्याच्याच राज्यात विरळा असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सची लोकसंख्या अडीच कोटींच्या पुढे गेली होती. परंतु व्हर्सायचा दरबार, पॅरिसमधील मोजके रस्ते आणि राजा ज्या अरण्यांत शिकारीस जाई ती अरण्ये एवढा टापू सोडला, तर बाकीच्या प्रजेला राजा ठाऊक होता तो नाण्यावरच्या ठशावरून आणि कागदावर छापलेल्या चित्रावरून. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही चित्रे म्हणजे राजसत्तेचे एक मोठे सोयीचे साधन होते. राजा व्हर्सायमध्ये बसलेला असताना तो एकाच वेळी ब्रेस्टच्या बंदरात, लिआँच्या रेशीमपेठेत आणि एखाद्या खेडेगावच्या वकिलाच्या दिवाणखान्यातही हजर असे, तो या पत्र्याच्या कृपेने. १७८९ साली राज्यक्रांती सुरू झाली तेव्हा हे साधन नव्या सत्तेला आयतेच मिळाले. पत्रे तेच, कारागीर तेच, दुकाने तीच. मग त्या पत्र्यांवरच्या राजाचे काय झाले, हा प्रश्न राज्यक्रांतीच्या इतिहासातील पुष्कळ गाजलेल्या प्रश्नांपेक्षा मला अधिक मनोरंजक वाटतो.

राजाला त्याच्या छापील चेहऱ्याने दगा दिल्याची हकिकत तर सरकारी कागदपत्रांतच नमूद आहे. २० जून १७९१ च्या मध्यरात्री लुई सोळावा, राणी मारी आन्त्वानेत, दोन मुले, राजाची बहीण आणि मुलांची संगोपिका अशी मंडळी पॅरिसच्या त्यूलेरी राजवाड्यातून गुपचूप निसटली. संगोपिका रशियन सरदारपत्नी बनली होती आणि फ्रान्सचा राजा तिचा साधा नोकर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची अवजड गाडी सँत-मनू या गावी घोडे बदलण्यासाठी थांबली. तेथील टपालाच्या घोड्यांचा अधिकारी ज्याँ-बाप्तिस्त द्रुए याने गाडीत डोकावून पाहिले. राणीचा चेहरा त्याला ओळखीचा वाटला. आणि तिच्याबरोबरच्या स्थूल पुरुषाचे, आपल्याजवळच्या पन्नास लिव्ह्रच्या नोटेवर कोरलेल्या मुखवट्याशी असलेले साम्य पाहून तो चमकला. ही साक्ष त्याने पुढे राष्ट्रीय सभेपुढे दिली. चर्चच्या जप्त केलेल्या जमिनींच्या तारणावर क्रांतीनेच काढलेल्या या नोटांना ‘आसिन्या’ म्हणत, आणि लोकांचा त्यांवर विश्वास बसावा म्हणून त्यांवर राजाची मुद्रा घातलेली होती. द्रुएने आडवाटेने घोडा फेकला, व्हारेन गावी राजाच्या आधी पोहोचून सामानाने लादलेली एक गाडी पुलावर आडवी घातली आणि राजाचा प्रवास तेथेच संपला. लोककथेने पुढे या नोटेचे नाणे केले, पण द्रुएच्या तोंडी आहे ती कागदी नोट. पतपेढीच्या सोयीसाठी कोरलेला चेहरा राज्य घालवायला कारण झाला, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

हे खोदकाम कसे होत असे, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्याच्यावर अवलंबून आहे. ठोकून, घासून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा कारागीर चामड्याच्या उशीवर ठेवी आणि चौकोनी पोलादाची, तिरक्या टोकाची कोरणी तळहाताच्या जोराने पुढे रेटून तांब्यात रेषा काढी. कोरणी फिरविण्यापेक्षा पत्राच उशीवर फिरवावयाचा, म्हणजे वक्ररेषा अखंड उतरते. ही सावकाशीची रीत. एका मोठ्या राजचित्राला वर्षानुवर्षे लागत. दुसरी रीत तेजाबाची. पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यावयाचा, धुराने तो काळा करावयाचा, सुईने त्यावर चित्र काढून तांबे उघडे करावयाचे आणि मग पत्र्यावर तेजाब सोडावयाचे. उघडी रेषा तेजाब खाते, लेपाखालचे तांबे शाबूत राहते. या रीतीने चित्र दिवसा-दोन दिवसांतही तयार होई. दोन्ही रीतींत पुढचे काम एकच : खोदलेल्या रेषांत शाई भरून वरचा भाग कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसावयाचा, ओलसर कागद घालून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढावयाचा, म्हणजे रेषांत दडलेली शाई कागद ओढून घेतो. कागदावर पत्र्याच्या कडेची चौकोनी खोलगट खूण कायमची उमटते. जाणता माणूस चित्र हातात घेताच प्रथम ती खूण चाचपतो.

आपल्याकडे घराघरांत पोहोचलेली छापील चित्रे ही बहुतेक शिळाछापाची. १८७८ साली पुण्यात निघालेल्या चित्रशाळा छापखान्याने पेशवाईतील पुरुषांची आणि देवदेवतांची जी चित्रे घरोघर पोहोचविली, ती दगडावरून छापलेली. आणि दगडावरून छापण्याची युक्ती फ्रान्समध्ये राजाचे मस्तक तुटल्यानंतर काही वर्षांनी जर्मनीत निघाली. तांब्याच्या पत्र्यावरून छापण्याचा प्रयोगही मराठी मुलखात झाला होता. नाना फडणविसांच्या उत्तेजनाने पुण्यातील एका तांबटाने भगवद्गीतेचे पत्रे कोरावयास घेतले, आणि नानांच्या मृत्यूनंतर पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ती गीता मिरजेत छापून निघाली. म्हणजे ज्या दशकांत पॅरिसचे कारागीर राजाचे मुखवटे कोरीत आणि खरवडीत होते, जवळपास त्याच काळात आपल्या तांबटाच्या हातीही तशीच कोरणी आली होती. त्याने मात्र तिचा उपयोग निरुपद्रवी कामासाठी केला.

खरवडणे हा शब्द वर आला तो सहज आलेला नाही. तांब्याच्या पत्र्याचा एक गुण असा की त्यावरचे चित्र बदलता येते. नको असलेला भाग तीन धारांच्या हत्याराने खरवडावयाचा, पत्रा ऐरणीवर उलटा ठेवून मागून हलके ठोके देत तेथला खळगा वर आणावयाचा, ओपणीने तो घासून गुळगुळीत करावयाचा आणि त्या जागी नवे काही कोरावयाचे. तांबे महाग, कारागिराची मजुरी त्याहून महाग. तेव्हा जुना पत्रा टाकून देण्याऐवजी त्यावरचे मस्तक बदलून तोच पुन्हा बाजारात आणणे दुकानदाराला किफायतीचे पडे. या धंद्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्याही सव्वाशेहून अधिक वर्षे आधीचे, इंग्लंडमधील यादवीनंतरच्या काळचे आहे. पिएर लोंबार नावाच्या फ्रेंच कारागिराने व्हॅन डाइकच्या चित्रावरून घोडेस्वाराचा एक भव्य पत्रा कोरला. घोडा तोच, चिलखत तेच, शेजारचा हुजऱ्याही तोच. पण या एकाच पत्र्याच्या निरनिराळ्या वेळच्या छाप्यांत स्वाराच्या खांद्यांवर कधी क्रॉमवेलचे मस्तक आहे, कधी फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे, तर कधी ज्याचे मस्तक क्रॉमवेलच्या पक्षाने खरोखरच उडविले त्या पहिल्या चार्ल्सचे. मधल्या एका अवस्थेत तर मस्तकाची जागा कोरीच आहे, आणि त्यामुळे हे चित्र ‘बिनमस्तकाचा घोडेस्वार’ याच नावाने संग्राहकांत ओळखले जाते. गिऱ्हाईक येईल त्याप्रमाणे मस्तक बसविण्याची ही तयारी पाहून हसू येते. पण सत्ताधीशाचा पोशाख आणि घोडा यांचे महत्त्व त्याच्या चेहऱ्याहून अधिक असते, ही गोष्ट त्या दुकानदाराला पुष्कळ राजनीतिज्ञांच्या आधी कळली होती, असे मला वाटते.

फ्रान्सकडे परत येऊ. क्रांतीपूर्वीची राजचित्रे ही कारागिरीच्या दृष्टीने या कलेची परमावधी होत. १७७७ साली ज्याँ-फ्रान्स्वा जानिने याने तरुण राणी मारी आन्त्वानेत हिचे जे रंगीत चित्र छापले, त्यात एकाच चित्रासाठी निरनिराळ्या रंगांचे पत्रे एकमेकांवर तंतोतंत जुळवून छापलेले आहेत आणि भोवतालची चौकट सोन्याने मढविलेली आहे. निळी प्रभा, गुलाबी गाल, केसांतील पिसे आणि भोवती सुवर्ण. हे चित्र पाहताना आपण कागद पाहत आहोत याचा विसर पडतो. हाच जानिने १७८९ नंतर क्रांतीतील ठळक प्रसंगांची चित्रे हप्त्याहप्त्याने काढून विकू लागला. त्यात सोने नाही, रंगांची उधळण नाही. घाईने केलेली लहान चित्रे आणि खाली हकिकत. कोणी त्याला बेइमान म्हणेल. पण रू सँ-जाक या रस्त्यावर चित्रविक्रेत्यांची जुनी पेठ होती, तेथे राजाचे चित्र आणि बास्तिय पडल्याचे चित्र एकाच दोरीला टांगलेले असे. ज्याला त्या पेठेत पोट भरावयाचे त्याने काय करावे?

संक्रमणाचा क्षण एकाच चित्रात पकडलेला पाहावयाचा असेल, तर बेर्विकने कोरलेले लुईचे चित्र पाहावे. आन्त्वान-फ्रान्स्वा काले या चित्रकाराने राजाला राज्याभिषेकाच्या पोशाखात रंगविले होते : खांद्यावरून जमिनीपर्यंत लोळणारा, कमळफुलांच्या राजचिन्हांनी भरलेला आणि आतून पांढऱ्या केसाळ कातड्याचे अस्तर लावलेला झगा, हातात दंड, मागे पडदे आणि स्तंभ. शार्ल-क्लेमाँ बेर्विक याने त्यावरून दीड हात उंचीचा पत्रा कोरला आणि तो पुरा झाला १७९० साली, म्हणजे बास्तिय पडून गेल्यावर. या चित्रातील झग्याच्या मखमलीवर दृष्टी ठेवावी. नुसत्या काळ्या रेषा, कोठे जाड, कोठे केसासारख्या. त्या घडीबरोबर वळतात, सावलीत एकमेकींना छेदतात, उजेडात ठिपक्यांत विरून जातात, आणि मखमल, केस, लेस व कातडी ही चारही द्रव्ये एकाच शाईतून वेगवेगळी जाणवतात. आणि मग खालचा मजकूर वाचावा. तेथे फ्रान्स व नव्हारचा राजा ही जुनी बिरुदावली नाही. राज्यघटनेच्या नव्या भाषेत तो ‘फ्रेंचांचा राजा’ आहे, आणि ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सभेने त्याला बहाल केलेली ‘स्वातंत्र्याचा पुनःस्थापक’ ही पदवीही त्याखाली आहे. चित्र राजाबरोबर राष्ट्रीय सभेलाही सादर केलेले. वर चौदाव्या लुईच्या वेळचा थाट, खाली १७८९ चा कायदा! बेर्विकने काम हाती घेतले तेव्हा एक राज्य होते आणि संपविले तेव्हा दुसरे. सावकाश कोरणाऱ्याच्या नशिबी हे यावयाचेच.

म्हणूनच राजकारणाला वेग आला तेव्हा कोरणी मागे पडली आणि तेजाब पुढे आले. व्हारेनहून २५ जून १७९१ ला राजाची गाडी पॅरिसला परत आली. प्रियरच्या रेखाटनावरून बेर्तोने कोरलेल्या चित्रात त्या दिवसाची अफाट गर्दी दिसते. राजाचा जयजयकार करणाऱ्याला चोप मिळेल आणि अपमान करणाऱ्याला फाशी, अशी सूचना त्या दिवशी शहरात लावलेली होती, आणि लोकांनी टोप्या न काढता मुकाट्याने गाडी जाऊ दिली. कागदावर मात्र हा संयम राहिला नाही. थोड्याच अवधीत राजकुटुंबाला डुकरांच्या रूपात गोठ्याकडे हाकलीत आणल्याचे चित्र विकावयास आले. दुसऱ्या एका चित्रात राजा आणि राणी यांचे एकच जनावर केलेले आहे : एका टोकाला शिंगे फुटलेला राजा, दुसऱ्या टोकाला केसांत साप वळवळणारी राणी, आणि दोघेही दोन दिशांना ओढताहेत. ही चित्रे ओबडधोबड आहेत, रंग हाताने फासलेले आहेत, त्यांवर बहुधा कोणाचे नाव नाही. क्रांतीच्या आधीपासूनच राणीविषयी छापील घाणीचा सुकाळ होता, क्रांतीत त्याला पूर आला. तिला स्त्रीमुखी पक्षिणीच्या रूपात नव्या हक्कांचा जाहीरनामा नखांनी फाडताना दाखविले गेले. त्या घाणीत अधिक उतरण्याची माझी इच्छा नाही. एवढेच नोंदवितो की राजाचे चित्र काढणारे त्याच्या मूर्खपणावर हसतात, राणीचे चित्र काढणाऱ्यांना मात्र तिचा निव्वळ द्वेष वाटतो. आणि या दोहोंतील फरक खटल्याच्या कागदांपेक्षाही या चित्रांत स्पष्ट दिसतो.

या सगळ्या चित्रसंभारातून एकच प्रकार निवडावयाचा असेल, तर मी लाल टोपीचा निवडीन. २० जून १७९२ रोजी शस्त्रधारी जमाव त्यूलेरी राजवाड्यात घुसला. खिडकीच्या कोनाड्यात उभ्या असलेल्या राजापुढे कोणी भाल्याच्या टोकावर स्वातंत्र्याची लाल टोपी धरली. त्याने ती डोक्यावर घातली, राष्ट्राच्या नावाने मद्याचा घोट घेतला आणि तासचे तास तो जमावाला तोंड देत उभा राहिला. त्याचा धीर खचला नाही ही गोष्ट त्याच्या शत्रूंनीही मान्य केली आहे. पण चित्रविक्रेत्यांना हा प्रसंग म्हणजे पर्वणीच. त्यांच्या पेठेत राजाचे मुखवटे ढिगांनी पडलेले. नवे चित्र काढण्याची गरजच काय? काही चित्रांत राजाचा जुना, वर्षानुवर्षे खपलेला चेहरा तसाच ठेवून त्यावर फक्त टोपी चढविली गेली. नीट पाहिले म्हणजे कळते : चेहरा शांत, गोल, दरबारी, केस पावडर लावून कुरळे केलेले, छातीवर मानाची फीत, आणि या सगळ्याशी काही संबंध नसलेली लाल टोपी त्या केसांवर उपऱ्यासारखी बसलेली.

याहून महत्त्वाची गोष्ट टोपीखाली नसून चित्राखाली आहे. एका छाप्याखालचा मजकूर सांगतो की २० जूनला राजाने जनतेशी नवा करार केला. टोपी म्हणजे त्या कराराची साक्ष. दुसऱ्या छाप्याखालचा मजकूर याच घटना त्याच क्रमाने मोजतो : याने लाल टोपी घातली, राष्ट्राचा जयघोष केला, गरिबांच्या आरोग्यासाठी मद्य प्याला, लोकांमध्ये आपल्याला कसले भय, असे उघड बोलला, आणि मग अखेरीस डंख मारतो की हाच लुई, नागरिक आपापल्या घरी परतेपर्यंत मोठ्या शौर्याने थांबला आणि मग त्यांच्याविरुद्ध छुपे युद्ध करून सूड घेऊ लागला. तोच चेहरा, तीच टोपी. एका वाचकाला तो सुधारलेला राजा वाटतो, दुसऱ्याला पक्का ढोंगी. आणि निवाडा करतात त्या खालच्या चार ओळी. चित्र खोटे बोलत नाही असे आपण समजतो, पण या चित्राला स्वतःचे असे मतच नाही, ते मजकूर लिहिणाऱ्याच्या ताबेदारीत आहे. सात आठवड्यांनी, १० ऑगस्टला, राजवाडा पडला. २१ सप्टेंबरला राजसत्ता रद्द झाली. आणि दोन मजकुरांपैकी कोणता टिकला ते सर्वांना ठाऊक आहे.

२१ जानेवारी १७९३ च्या शिरच्छेदाची चित्रे दोन जातींची आहेत. एक जात एल्मानच्या चित्राची. शार्ल मोने याच्या रेखाटनावरून एल्मानने १७९४ साली कोरलेल्या या मोठ्या चित्रात विस्तीर्ण चौक आहे, सैन्याच्या रांगा दोरी धरून आखल्यासारख्या आहेत, वधस्तंभावर जल्लाद राजाचे मस्तक उचलून लोकांना दाखवीत आहे आणि ते मस्तक चित्रात इतके लहान आहे की ते शोधावे लागते. जवळच एक प्रचंड चौथरा रिकामा उभा आहे. त्यावर पूर्वी पंधराव्या लुईचा अश्वारूढ पुतळा होता, तो १७९२ च्या ऑगस्टमध्ये पाडला गेला. चौकालाही पूर्वी त्याचेच नाव होते. आजोबांच्या रिकाम्या चौथऱ्याशेजारी नातवाचा वध, असा हा योग एल्मानने मुद्दाम जुळविला असे नव्हे, वधस्तंभ खरोखरच त्याच चौकात होता. पण चौथरा चित्रात एवढा ठळक आणणे हे मात्र चित्रकाराचे काम. या चित्रात राग नाही, रक्त नाही. राष्ट्राने एक सरकारी काम शिस्तीत उरकले, असा त्याचा आव आहे.

दुसरी जात व्हिलनव्हच्या चित्राची. येथे चौक नाही, सैन्य नाही, गर्दी नाही. काळोख्या पार्श्वभूमीवर बाहीतून आलेला एक हात, त्या हाताच्या मुठीत केस, केसांखाली राजाचे मस्तक आणि मानेतून गळणारे थेंब, एवढेच. शीर्षक मुकुटधारी गारुड्यांना विचार करावयास लावणारा विषय म्हणून सांगते, म्हणजे चित्राचा पत्ता युरोपातील इतर राजांच्या नावाचा आहे. खाली दिवस, वार आणि सकाळचे सव्वादहा ही वेळ दस्तऐवजात नोंदवावी तशी नोंदविलेली आहे, आणि नव्या युद्धगीतातील एक ओळही त्याला जोडलेली आहे. चेहरा पाहा : डोळे मिटू लागलेले, गाल भरलेले, नाक मोठे, राज्याच्या नाण्यांवर जो चेहरा एकाच बाजूने दाखवीत, तोच येथे त्याच बाजूने दाखविलेला आहे. प्रजेला तो ओळखता यावा म्हणून दुसरा मार्गच नव्हता. कला म्हणून बेर्विकच्या पुढे हे चित्र काहीच नाही. परंतु दोन्ही समोर ठेवली तर स्मरणात राहते ते हे, असे कबूल करणे भाग आहे.

खाडीपलीकडे लंडनमध्ये याच मस्तकाचा दुसरा व्यापार चालू झाला. १ फेब्रुवारी १७९३ ला फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले, आणि त्याच तारखेचे आयझॅक क्रुकशँकचे चित्र लुईला हुतात्मा म्हणून रंगविते. १२ फेब्रुवारीला जेम्स गिलरेने काढलेल्या चित्रात फाटक्या वेषातील क्रांतिकारक दिव्याच्या खांबावर चढून, फासावर लोंबणाऱ्या धर्मगुरूच्या डोक्यावर पाय देऊन सारंगी वाजवीत आहे आणि मागे दूर, गर्दीत, राजाचा वध चाललेला आहे. गिलरे हा मोठा कलावंत. ज्या राजाविषयी त्याला शोक वाटावयाचा त्याला त्याने कोपऱ्यात टाकले आणि ज्याचा तिटकारा यावयाचा त्याला आभाळाएवढा केला, यात त्याचे कौशल्य आहे. फ्रान्सनेही उत्तर दिले. सप्टेंबर १७९३ मध्ये सार्वजनिक सुरक्षा समितीने दाव्हिद या थोर चित्रकाराला उपहासचित्रे पुरविण्यास सांगितले, आणि त्याने इंग्लंडच्या राज्यकारभाराचे एक राक्षसी रूप कोरवून घेतले, त्यात तिसऱ्या जॉर्जचा चेहरा राक्षसाच्या पाठीमागच्या अशा भागावर आहे की जो सभ्य लेखात सांगता येत नाही.

लंडनच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना हसावयाचे नव्हते, रडावयाचे होते. त्यांच्यासाठी शार्ल बेनाझेकच्या चित्रावरून लुईजी शियाव्होनेत्तीने वधाच्या आदल्या संध्याकाळची, तांप्ल तुरुंगातील राजाच्या कुटुंबभेटीची चित्रे कोरली : राणी खांद्यावर कोसळलेली, मुले पित्याला बिलगलेली, राजाचे डोळे वर लागलेले. युरोपभर लाखो डोळ्यांना या दृश्याने पाझर फोडला असेल. पण त्या खोलीत कोणी चित्रकार नव्हता. राजाचा सेवक क्लेरी काचेच्या दारामागून ती भेट पाहत होता, आणि त्याची रोजनिशी लंडनमध्ये छापून निघाली १७९८ साली. म्हणजे साक्षीदाराचे पुस्तक येण्याच्या आधीच प्रसंगाचे चित्र लोकांच्या मनात घट्ट बसलेले होते, आणि पुढे ज्यांनी क्लेरी वाचला त्यांनी तो बहुधा शियाव्होनेत्तीच्या चित्रातूनच वाचला. इतिहासाची पाठ्यपुस्तके ही चित्रे अजूनही बिनधास्त छापतात आणि खाली लिहितात, राजाची अखेरची भेट. त्याऐवजी, लंडनने कल्पिलेली अखेरची भेट, असे लिहिणे रास्त होईल.

पॅरिसमध्ये उघड शोक करण्याची सोय नव्हती. राजाचे चित्र बाळगणे हा संशयाला पुरेसा पुरावा होता, आणि तेथे एका वेगळ्याच चातुर्याला बहर आला. विलो वृक्षाच्या लोंबत्या फांद्यांखाली एक अस्थिकलश, एवढेच दृश्य. शोकाचे पण निनावी. ते पाहत राहिले की कलशाच्या दोन्ही कडांच्या रिकाम्या जागेत दोन चेहऱ्यांच्या बाह्यरेषा उमटतात, एक लुईची, दुसरी राणीची, आणि फांद्यांच्या फटींत मुलांच्या. कोरणाऱ्याने चेहरा कोरलेलाच नाही. चेहऱ्याभोवतीचे सगळे कोरले आहे. पोलिसाने धरले तर तो कलश, घरातल्यांसाठी राजा. ही युक्ती इतकी लोकप्रिय झाली की १८१५ साली नेपोलियनच्या पक्षपात्यांनी तीच उचलली. कानू नावाच्या कारागिराच्या चित्रात व्हायोलेटच्या फुलांच्या गुच्छात नेपोलियन, त्याची पत्नी आणि मुलगा दडलेले आहेत.

कारागिरांचे काय झाले? क्रांतीच्या चित्रमालिकेसाठी ज्याची रेखाटने बेर्तोने कोरली तो प्रियर पुढे क्रांतिकारी न्यायालयाचा पंच झाला आणि त्या न्यायालयाचा सरकारी वकील फूकिए-तँव्हिल याच्याबरोबर मे १७९५ मध्ये स्वतःच वधस्तंभावर चढला. बेर्विक वाचला, त्याच्या पत्र्याचे मात्र क्रांतीच्या काळात दोन तुकडे झाले. तांबे वितळवून टाकले असते तर गोष्ट संपली असती, पण तुकडे जपून ठेवले गेले आणि पुढे ते जोडून त्यांवरून पुन्हा छापे काढले. त्या छाप्यांवर राजाच्या देहावरून आडवी गेलेली जोडाची खूण दिसते, आणि छापा पत्रा तुटण्यापूर्वीचा की नंतरचा हे विक्रेते त्या खुणेवरूनच ठरवितात. राजनिष्ठ गिऱ्हाइकाला जोड असलेला छापा अधिक पवित्र वाटावा, अशी माझी अपेक्षा होती. बाजारात अर्थात जोड नसलेल्याला किंमत अधिक.

एवढी नाजूक, एवढी क्षणिक, अनेकदा बेकायदा असलेली ही चित्रे आज हजारांनी उपलब्ध आहेत, याचे श्रेय काही अंशी त्याच क्रांतीच्या एका कायद्याला द्यावे लागते. १९ जुलै १७९३ च्या कायद्याने लेखक, संगीतकार आणि चित्रकारांबरोबर खोदचित्रे काढणाऱ्यांनाही आपल्या कृतीवर हयातभराचा आणि वारसांना पुढे दहा वर्षांचा हक्क दिला. अट एवढीच की दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा चित्रसंग्रहात दाखल कराव्यात, त्याशिवाय चोरीची फिर्याद चालावयाची नाही. आपल्या पत्र्याची नक्कल शेजारच्या दुकानदाराने करू नये म्हणून पुष्कळांनी प्रती रुजू केल्या. त्यात पुढे मिशेल एनँ आणि बॅरन द व्हिंक या खाजगी संग्राहकांच्या प्रचंड संग्रहांची भर पडली, आणि आता या ग्रंथालयाने एका अमेरिकन विद्यापीठाच्या साहाय्याने क्रांतीची सुमारे १४,००० चित्रे कोणालाही घरबसल्या पाहता येतील अशी केली आहेत. ती पाहू इच्छिणाऱ्याने तारखेपासून आरंभ करावा, मग खालचा मजकूर वाचावा, आणि चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी वळावे. फ्रेंच न येणाऱ्यालाही वर्ष आणि राजाच्या नावापुढची उपाधी वाचता येते. १७८९ पूर्वी ती ओळ लांबलचक आहे, पुढे ती आखूड होत जाते, आणि १७९२ च्या शेवटी तेथे ‘लुई कापे’ एवढेच उरते, जसे एखाद्या शिंप्याचे किंवा हमालाचे नाव लिहावे तसे.